चाकं माझ्या ओसरीवर होती

विम्याचं काम मी फार वर्षं केलं नाही. मालगुजारी गेली त्यानंतरची चार-पाच वर्षं, एवढंच. चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. मी ब्रह्मपुरीत एका कोष्ट्याच्या घरची पुढची खोली आणि ओसरी भाड्यानं घेऊन राहत होतो. सकाळी सायकल काढायची, धानाच्या बांध्यांमधून गावोगाव जायचं आणि लोकांना सांगायचं की विमा उतरवा. लोक ऐकून घेत, गुळाचा खडा आणि पाणी देत आणि म्हणत, आमचं काही जळण्यासारखं नाही आणि चोरण्यासारखंही नाही.

बारा मैलांवरच्या एका गावचे माजी मालगुजार मात्र आपणहून माझ्याकडे आले, म्हणजे त्यांनी बोलावणं पाठवलं. त्यांच्याकडे एक मोटार होती. ती त्यांच्या वडिलांनी लढाईच्या फार आधी कलकत्त्याहून आणवलेली: कापडी छत, तारांची चाकं, पितळी भोंगा, आणि चालू करायला समोरून हँडल. अशी मोटार आता जिल्ह्यात दुसरी नाही, असं ते म्हणत. ते खरं असावं. नागपूरच्या एका शौकिनानं ती मागितली होती. मालकांना विकायची नव्हती. पण तिला किंमत आहे हे कुठंतरी कागदावर यावं असं त्यांना वाटत होतं. तलाव गेले होते, जंगल गेलं होतं, सारा गोळा करायचा हक्क गेला होता. मोटार तेवढी वडिलांच्या वेळची उरली होती. त्यांचं मन मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या वाड्यावर माझी ऊठबस व्हावी हे मलाही हवंच होतं.

माझ्याकडे दोन तऱ्हेचे विमे होते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा एक. त्यात गाडीचं काही झालं तर कंपनी त्या दिवशीच्या बाजारभावानं भरपाई देई, म्हणजे या गाडीच्या बाबतीत मोडीचा भाव. दुसरा होता जपून ठेवलेल्या गाडीचा. त्यात मालक आणि कंपनी मिळून आधीच किंमत ठरवत, आणि ती कागदावर राही. अट एकच होती. गाडी गाडीखान्याच्या छपरात लाकडी ठोकळ्यांवर चढवून, चाकं काढून ठेवायची. वर्षातून एक-दोन समारंभांपुरती बाहेर काढायची, बस. मालकांनी दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवलं. त्यात मला आश्चर्य वाटलं नाही.

अडचण अशी की ती मोटार धावत होती.

मालकांच्या पत्नीला सगळं गाव बाई म्हणे. काही वर्षांपूर्वी एक बाळंतीण अडली तेव्हा बाईंनी मोटार जुंपायला सांगितली होती. त्यांचा शब्द हाच, जुंपा. ती बाळंतीण आणि मूल दोघं वाचून आली. त्यानंतर तो रिवाजच झाला. आसपासच्या पाच-सहा गावांतून कुणाचीही सून-लेक अडली की माणूस धावत मोटारीच्या छपराशी येई, आणि मोटार तिला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचवी. घरी परत आल्यावर सासू मोटारीच्या चाकांवर पाणी घाली आणि पुढच्या जाळीला हळदीकुंकू लावी, पोळ्याला बैलाला लावतात तसं. त्या जाळीवर कुंकवाची बोटभर खपली चढली होती.

मोटार चालवणारा चाळिशीच्या पुढचा होता. लढाईत आसामकडे मिलिटरीच्या लॉऱ्या हाकून आलेला. मी त्याला भाऊ म्हणे, तो मला बाबू. गाडी उभी करून ठेवायची ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. तो मला छपरात घेऊन गेला आणि एकेक भाग दाखवत सांगत राहिला, की उभ्या गाडीचं तेल खाली बसतं, उंदीर तारा खातात, टायर टेकला असेल तिथं चपटा होतो. मी म्हटलं, भाऊ, नागपूरला अशा गाड्या लोक काचेसारख्या जपतात. तो हसला.

"आमच्या काकानं बैलजोडी अशीच जपली होती, बाबू. नजर लागन म्हणून औताले लावेच नाई. तीन वरसांत त्या बैलायले चालता येईना. मंग खाटकानं बी नाई घेतले."

मी अर्जावर लिहिलं: गाडी दसऱ्याच्या पूजेपुरती बाहेर निघते, एरवी वापरात नाही. मालकांनी सही केली. बाईंना विचारलं नाही. त्यांना मालकांनी एवढंच सांगितलं की गाडीचा विमा काढतो आहे, आणि त्यांना ते चांगलंच वाटलं. मालकांचा हिशेब असा की कागद कागदाच्या जागी आणि गाडी गाडीच्या जागी. मला वाटतं माझाही हाच हिशेब होता. लबाडी करतो आहोत असं दोघांपैकी कुणाच्या तोंडी आलं नाही. जुन्या गाडीचा मान राखतो आहोत, असंच आम्ही बोलत होतो.

मग कंपनीचं पत्र आलं की गाडी पाहायला नागपूरहून माणूस येतो आहे.

ठोकळे मिळणं काही कठीण नव्हतं, सागवानाला त्या भागात काय तोटा. पण चाकं ही खरी अडचण होती. टायर झिजलेले, त्यांच्या खाचांत नाल्यातली ओली माती, तारांना गवत अडकलेलं. तपासायला येणारा माणूस आधी टायर पाहतो, हे मला माहीत होतं. गावात कुठं ठेवली तर कुणीतरी दाखवून देणार. तेव्हा मी सुचवलं, की चारही चाकं आणि जादाचं पाचवं बंडीत घालून माझ्याकडे ब्रह्मपुरीला पाठवा. आलेल्या माणसाला सांगू, चाकं ग्रीस लावून सुरक्षित ठेवली आहेत. गावात विचारलं तर भाऊनं सांगायचं, झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायला गेली. मालक म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि ते कामासाठी नागपूरला निघून गेले.

रविवारी मी ब्रह्मपुरीतून लावलेल्या बैलबंडीतून चाकं आली. मी ती ओसरीवर ओळीनं भिंतीला टेकवून वर गोणपाट टाकलं. माणूस सोमवारी यायचा होता. सोमवारी सकाळी त्याचं कार्ड आलं, की सोमवारी जमत नाही, शुक्रवारी येतो.

दुपारी भाऊ सायकलवर आला. तपासणी झाली का, हे विचारायला. मी कार्ड दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं नाही. ओसरीवरच्या गोणपाटाकडे पाहिलं.

"मंग चाकं नेतो मी. गुरवारी पुन्हा आनून देतो."

मी म्हटलं, बंडी करायची, न्यायची, चढवायची, पुन्हा काढायची, पुन्हा आणायची. चार दिवसांसाठी कशाला एवढं? आणि पुन्हा माती लागणार.

"चार दिवसांत काई बी होऊ शकते, बाबू."

"चार दिवसांत काय होतंय?" मी म्हणालो.

तो माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण मी लिहिणारा-वाचणारा आणि मालकांनी माझ्यावर सोपवलेलं. तो सायकल घेऊन गेला. त्या दिवशी माझ्या मनात काय होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यात काही मोठं नव्हतं. मला बंडीवाल्याकडे पुन्हा जायचा कंटाळा आला होता.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला भाऊ पुन्हा आला. सायकल त्यानं अंगणात पडू दिली. तळ्याच्या पाळीवर राहून मासे धरणाऱ्या एका ढिवराची सून अडली होती. पहिलटकरीण. मूल आडवं आहे, आपल्या हातचं काम राहिलं नाही, असं सुईणीनं पहाटेच सांगितलं होतं. सासरा रिवाजाप्रमाणे छपराशी धावत आला, आणि त्यानं पाहिलं तर मोटार ठोकळ्यांवर. बंडी जुंपून बाईंनी तिला पुढं पाठवलं होतं. सोबत सासरा होता, सुईण होती आणि भाऊची बायको. भाऊ आडवाटेनं सायकल हाणत आला होता. त्याचं म्हणणं असं, की एखादं वाहन पाहू, चाकं टाकू, वाटेत बंडी भेटली तर सुनेला वाहनातच घेऊ, नाही भेटली तर चाकं चढवून मोटार काढू.

त्या वाटेची बस सातलाच गेली होती. लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी जंगलात होती. शेवटी राईस मिलची लॉरी मिळाली, पण ती धानाची पोती उतरवल्याशिवाय निघेना. आम्ही दोघं पोती उतरवायला लागलो. बाराच्या पुढे निघालो. मागच्या मोकळ्या फळ्यांवर पाच चाकं, आणि त्यांना धरून आम्ही दोघं.

तीन मैलांवर बंडी समोरून येताना दिसली. बैल दमून गेले होते. भाऊनं टपावर हात मारून लॉरी थांबवली आणि उडी टाकली. बंडीत ती मुलगी डोळे मिटून होती, जिवंत होती. भाऊची बायको मागे बसली होती. तिच्या मांडीवर पदरानं झाकलेलं काही होतं. मूल मागच्या नाल्यापाशी झालं होतं, मेलेलं. सुईण माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती.

मुलीला उचलून लॉरीत घेतलं. ती वाचली. त्याचं श्रेय लॉरीला द्यावं की तिच्या वयाला, मला माहीत नाही. लॉरीत भाऊची बायको चाकांना टेकून बसली होती, आणि दवाखाना येईपर्यंत ती त्या चाकांकडेच पाहत होती.

दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली आम्ही उभे होतो. सासरा आत होता. भाऊची बायको जवळ आली. तिनं नवऱ्याला विचारलं, मोठ्यानं नाही.

"चाकं मिलच्या लॉरीत काऊन होते?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगायचं नव्हतं असं नाही. तो माझी परवानगी मागत होता.

मी म्हणालो, "रबर चढवायला आणली होती."

ती आत मुलीकडे गेली. पण रबर चढवायचं दुकान ब्रह्मपुरीत नव्हतं, हे तिला माहीत असावं. त्या वेळी त्यासाठी चांद्याला जावं लागे. संध्याकाळी भाऊ चाकं परत माझ्या ओसरीवर ठेवायला आला. हो, परत. तपासणी अजून व्हायची होती. मी त्याला म्हटलं, भाऊ, हे बाहेर गेलं तर मालकांचं नाव जाईल, माझी एजन्सी जाईल. कुणालाही सांगू नका. अगदी कुणालाही.

तो "हाव" म्हणाला.

शुक्रवारी नागपूरचा माणूस आला. त्यानं ठोकळे पाहिले, मोटारीला एक फेरी मारली, जाळीवरच्या कुंकवाबद्दल विचारलं. दसऱ्याचं, मी म्हणालो. त्यानं मालकांच्या हौसेची तारीफ केली आणि सही केली. अशी नीट ठेवलेली जुनी गाडी आपण बऱ्याच दिवसांत पाहिली नाही, असंही म्हणाला.

गावात जे व्हायचं ते झालं. चाकं काढली कुणी, तर भाऊनं. ती सापडली कुठं, तर मिलच्या लॉरीत. लोकांनी दोन्ही जोडली. मालक नागपूरला आहेत हे पाहून यानं चाकं विकायला काढली होती, असं ठरलं. कुणी म्हणे दारूसाठी, कुणी म्हणे मुलीच्या लग्नासाठी. त्याला तोंडावर कुणी बोललं नाही, पण पानटपरीवर त्याला पाहून एखादा विचारी, काय भाऊ, आज कोनाचे चाकं? मालक परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता उकरून काय मिळणार. त्यांनी भाऊला काढलं नाही, पण त्याला हाकायला काही उरलंही नाही, कारण त्या प्रकारानंतर मालकांना कागद खोटा ठरायची भीती बसली आणि मोटार खरोखरच ठोकळ्यांवर राहिली. कागदावर होतं तसंच झालं. बाईंनी दोन-तीनदा जुंपा म्हणून सांगून पाहिलं. पुढं एस.टी. नीट सुरू होईपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षं, त्या गावांच्या बाळंतिणी बंडीनंच जात राहिल्या. त्यातल्या किती पोचल्या हे मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

भाऊ मग मिलमध्ये हमालीला लागला. आणि चाकांचं त्याच मिलशी नाव जोडलेलं, तेव्हा लोकांना वाटलं, बघा.

मी एजन्सी सोडली आणि एका शाळेत कारकून झालो. लग्न झालं, मुलं झाली. कधी कधी बसमध्ये भाऊ भेटे. बाबू, बरं हाय ना, म्हणे. मी हो म्हणे आणि पुढच्या सीटवर जाऊन बसे. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं. मालक वारले. मोटार नागपूरच्या त्याच शौकिनाच्या मुलानं नेली. ठोकळ्यांवरून ट्रकमध्ये चढवून नेली, कारण ती चालू होईना.

गेल्या हिवाळ्यात मी भाऊला ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर गाठलं. माझ्या मुलीचं बाळंतपण नुकतंच झालं होतं, दवाखान्यात, काही अडचण न येता. तेच कारण, असं म्हणायला सोपं आहे. पण ते तेवढं एकच नसावं. मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हटलं, मी तुमच्या गावात येतो आणि पारावर चार लोकांसमोर सांगतो, की चाकं माझ्या ओसरीवर होती आणि ती तिथं मी ठेवून घेतली होती. माझं बोलणं तो जमिनीकडे बघत ऐकत होता. म्हातारा झाला होता. खांद्यावर पोत्यांचा घट्टा होता.

"गावाले काई नोका सांगू," तो म्हणाला. "गावातले अर्धे मेले. उरले त्यायले आठवत नाई. माह्या बायकोले सांगा."

मला वाटलं होतं तिला माहीत असेल. नवरा-बायकोत कधीतरी निघतंच. मी तसं म्हटलं.

"तुमी म्हनलं होतं ना, कोनालेच नाई."

आम्ही त्याच बसनं गेलो. दुपारची वेळ होती. ती अंगणात सुपात धान घेऊन पाखडत होती. मला तिनं ओळखलं. पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. मी उभ्यानंच सांगितलं: अर्ज, ठोकळे, कार्ड, सोमवारची दुपार, चिंचेखाली मी बोललो ते. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वीस वर्षांत मी ते मनात पुष्कळ लांब करून ठेवलं होतं.

ती पाखडायची थांबली नाही. माझं संपल्यावरही दोन-तीन वेळा सूप हललं. मग तिनं ते खाली ठेवलं.

"थे लेकरू माह्या मांडीवर होतं," ती मला म्हणाली. "नाल्यापासून तं दवाखान्यालोक. मी मनात म्हनलं, चाकायसंगं यानं याले बी इकलं."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. त्यासाठीच मी आलो होतो, असं मला तेव्हा जाणवलं. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती नवऱ्याकडे वळली.

"अन् तुमी? मले काऊन नाई सांगतलं?"

"जबान देल्ली होती."

"कोनाले?"

त्यानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"याले देल्ली," ती म्हणाली. "हा कोन तुमचा? मी वीस वरसं तुमाले भाकर वाढली अन् तुमच्या हाताले हात नाई लागू देल्ला. पोरीच्या लग्नात तुमाले कन्यादानाले बसू देल्लं नाई, माह्या भावाले बसवलं. तुमी उठून गेले गुमान. तवा बी नाई सांगतलं?"

"तुनं इचारलं नाई," भाऊ म्हणाला.

"चिंचेखाली इचारलं होतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भाऊ शब्दाचा पक्का माणूस आहे, असं काहीसं मला म्हणायचं होतं. तिनं हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. मधे कोंबडी आली तर हाकलावी तसं.

"तुमी जा आता, बाबू. बशीची येळ झाली."

मी निघालो. भाऊ मला पोचवायला उठू लागला तेव्हा तिनं त्याला बसा म्हटलं आणि तो बसला. पांदणीनं सडकेपर्यंत जाताना मागून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलत होती, मग थांबली, आणि त्याचा आवाज आला. बस यायला अजून अवकाश होता. मी सडकेच्या कडेला दगडावर बसलो. तिथून आवाज ऐकू येत नव्हता.